शेजारच्या ब्लॉगवरचा वाचक आपल्याकडे कसा येतो: ब्लॉगरांनी मिळून काम करण्याची सविस्तर रीत

मराठी ब्लॉगवर लोक मुख्यतः तीन वाटांनी येतात. गूगलवर काहीतरी शोधताना, व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी लिंक पाठवली म्हणून, नाहीतर दुसऱ्या ब्लॉगरने नाव घेतलं म्हणून. पहिल्या वाटेचा वाचक उत्तर मिळालं की निघून जातो. दुसऱ्या वाटेचा बऱ्याचदा लेख कुणाचा हेही बघत नाही. तिसऱ्या वाटेने येणारे संख्येने थोडे, पण थांबतात तेच. ज्याचं लिखाण ते आवडीने वाचतात, त्याने आपली शिफारस केलेली असते.

ही वाट तयार करायची म्हणजे लिंकांची देवाणघेवाण करायची, असा एक सर्रास गैरसमज आहे. साइडबारमध्ये ‘मित्रांचे ब्लॉग’ म्हणून चाळीस नावं लावली तर त्यावर कुणी टिचकी मारत नाही. वाचक इकडून तिकडे जातो तो एकाच विषयाची उरलेली बाजू तिकडे आहे हे कळल्यावर. आपल्याकडे दिवाळी अंकांनी हेच केलं. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून वाचक एका ओळखीच्या नावासाठी अंक घेतो आणि वाचता वाचता चार अनोळखी नावं त्याच्या ओळखीची होतात. ब्लॉगरांनीही तेच करायचंय, फक्त छपाईचा खर्च नाही.

आधी स्वतःचा ब्लॉग आवरा

दुसऱ्याचा वाचक आपल्याकडे पाठवून घेण्याआधी चार गोष्टी तपासा. यात एक संध्याकाळ जाते, पण हे न करता केलेली मेहनत बहुतेक वाया जाते.

पहिली गोष्ट पोस्टचा पत्ता. ब्लॉगरवर, म्हणजे ब्लॉगस्पॉटवर, शीर्षक निव्वळ देवनागरीत असेल तर पत्ता आपोआप ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा असा तयार होतो. लिंक बघून आत काय आहे ते कळत नाही. वर्डप्रेसची तऱ्हा उलटी. तिथे पत्ता देवनागरी होतो खरा, पण देवनागरीचं एक चिन्ह पत्त्यात नऊ चिन्हांचं होतं आणि काना-मात्रा, वेलांटी, हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हं म्हणून मोजली जातात. वर्डप्रेसची मर्यादा २०० चिन्हांची, म्हणजे साधारण बाविसाव्या चिन्हावर पत्ता तुटतो. व्हॉट्सअ‍ॅपवर कॉपी केला की टक्केचिन्हांची लांबच लांब माळ दिसते आणि लोक ती संशयास्पद समजतात. उपाय सोपा आहे. प्रकाशित करण्याआधी पर्मालिंकच्या, म्हणजे पोस्टच्या कायमच्या पत्त्याच्या, रकान्यात रोमन लिपीतले तीन-चार शब्द स्वतः टाका. जुन्या पोस्टचे पत्ते मात्र बदलायला जाऊ नका, आधीच्या लिंका तुटतील. बदलायचेच असतील तर रीडायरेक्ट लावून, म्हणजे जुना पत्ता आपोआप नव्यावर नेईल अशी सोय करून, बदला.

दुसरी गोष्ट, नव्या वाचकाला परत येण्याची सोय. नव्या पोस्ट ईमेलने पाठवणारी गूगलची फीडबर्नर ईमेल सेवा २०२१ मध्ये बंद झाली, त्याबरोबर ब्लॉगस्पॉटचं ‘फॉलो बाय ईमेल’ही गेलं. अनेक मराठी ब्लॉगांवर ती चौकट अजून तशीच लावलेली आहे. वाचक ईमेल भरतो आणि पुढे काहीच घडत नाही. ती काढा. तिच्या जागी वार्तापत्राची एखादी चालू सेवा किंवा व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल ठेवा. ब्रॉडकास्ट लिस्टवर विसंबू नका. तिच्यात २५६ जणांची मर्यादा आहे, शिवाय ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला निरोप पोचतच नाही.

तिसरी, ‘माझ्याबद्दल’चं पान. कोण, कुठून, कशावर लिहितं, एवढं पाच ओळींत. चौथी, प्रत्येक पोस्टच्या शेवटी त्याच विषयावरच्या दोन पोस्टच्या लिंका हाताने निवडून द्या. यंत्राने निवडलेल्या ‘संबंधित पोस्ट’ मराठीत बऱ्याचदा भलत्याच निघतात.

हे झालं की आजचे आकडे लिहून ठेवा: महिन्याचे वाचक, ईमेल किंवा चॅनेलवरची संख्या, गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये दिसणाऱ्या, शोधातून आलेल्या टिचक्या. नंतर तुलना कशाशी करायची हा प्रश्न पडत नाही.

जोडीदार निवडताना

आपल्याच विषयाचा ब्लॉग हा पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो आणि तो अर्धाच बरोबर आहे. दोन पाककृतींचे ब्लॉग एकमेकांकडे वाचक पाठवतात तेव्हा बरेचसे वाचक दोघांचे आधीचेच असतात. शेजारचा विषय जास्त फळतो. पाककृती आणि परसबाग, गडकिल्ले आणि पक्षीनिरीक्षण, बालसंगोपन आणि बोलीभाषा. वाचक एकच, गरज वेगळी.

एका तक्त्यात पंधरा नावं घ्या. प्रत्येकासमोर चार नोंदी करा: शेवटची पोस्ट कधीची, वर्षभरात किती पोस्ट, वाचकांच्या प्रतिक्रियांना ब्लॉगर उत्तर देतो का, आणि दुसऱ्या कुणाचं नाव त्याने लेखात कधी घेतलंय का. शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची. जो पाच वर्षांत एकदाही दुसऱ्याचा उल्लेख करत नाही, तो तुमचाही करणार नाही. सहा महिने नवी पोस्ट नसेल तर नाव काढा, लिखाण कितीही चांगलं असलं तरी. पंधरातली पाच-सहा उरतील. तेवढी पुरेत.

आकाराचा प्रश्न नाजूक आहे. तुमच्यापेक्षा दहापट वाचक असलेल्या ब्लॉगरला तुमच्याशी जोडून घेण्यात काय फायदा, याचं उत्तर तुमच्याकडे हवं. नसेल तर आपल्या आसपासच्या, फार तर दुप्पट-तिप्पट वाचकांच्या ब्लॉगरांपासून सुरुवात करा. उत्तर असू शकतं. मोठ्या ब्लॉगकडे नसलेली माहिती तुमच्याकडे असते: एखाद्या तालुक्याची, बोलीची, पिकाची, परदेशातल्या मराठी घराची.

नावं ठरली की लगेच मेल करू नका. दोन-तीन आठवडे त्यांचं नीट वाचा आणि तीन-चार ठिकाणी भर घालणारी प्रतिक्रिया लिहा. ‘छान लेख’ ही प्रतिक्रिया नव्हे. ‘आमच्याकडे हे पीठ रात्रभर ठेवत नाहीत, कारण…’ ही प्रतिक्रिया. तिच्याखाली स्वतःच्या ब्लॉगची लिंक चिकटवायची नाही. तुमच्या नावावर टिचकी मारून बघणारे बघतातच.

पहिली मेल

छोटी असावी, मोबाइलच्या एका पडद्यात मावेल एवढी. नमुना असा:

‘नमस्कार. तुमच्या ब्लॉगवरचा कडवे वाल भिजवण्यावरचा लेख वाचला. मोड आणायला थंडीत जास्त वेळ लागतो हे तुम्ही तासांसकट दिलंत, ते उपयोगी पडलं. मी परसबागेवर लिहिते. वालाचा वेल कुंडीत कसा वाढवायचा यावर माझी पोस्ट तयार होते आहे. तुम्ही वालाच्या एखाद्या भाजीवर लिहिणार असाल तर दोन्ही पोस्ट एकाच आठवड्यात टाकून एकमेकींना जोडता येतील. माझा कच्चा मसुदा सोबत आहे. तुमच्या सोयीने कळवा, जमत नसेल तरी हरकत नाही.’

यात काय आहे ते बघा. लेखातला नेमका तपशील आहे, म्हणजे खरोखर वाचलंय हे कळतं. कामाची आपली बाजू आधीच तयार आहे. मागणी एकच आहे. आणि नाही म्हणायला जागा ठेवली आहे. पहिल्याच मेलमध्ये ताई-दादा, काकू-काका टाळा. समोरच्याचं वय माहीत नसतं आणि लगट वाटते. ‘तुम्ही’ पुरेसं आहे. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा आठवण द्या, मग विषय सोडा. व्हॉट्सअ‍ॅप नंबर शोधून काढून तिथे पाठपुरावा करणं हा उद्धटपणा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

कोणत्या प्रकारचं काम

पाहुणी पोस्ट, म्हणजे तुम्ही त्यांच्या ब्लॉगवर लिहायचं, ही सगळ्यात परिचित आणि आमच्या मते सगळ्यात जास्त डोक्यावर घेतलेली पद्धत. लोक तिथे आपली उरलीसुरली पोस्ट देतात आणि शेवटच्या ओळीत ‘लेखिकेचा ब्लॉग इथे’ अशी लिंक टाकतात. त्यातून फारसं कुणी येत नाही. पाहुणी पोस्ट द्यायची तर आपली सगळ्यात चांगली द्या आणि लिंक लेखाच्या पहिल्या एक-तृतीयांशात, वाक्याच्या ओघात येऊ द्या. ती मुखपृष्ठावर न नेता त्याच विषयाच्या नेमक्या पोस्टवर न्या. मुखपृष्ठावर उतरलेल्या वाचकाला पुढे काय वाचायचं ते स्वतः शोधावं लागतं, आणि तो शोधत नाही.

जुळ्या पोस्ट हा वरच्या मेलमधला प्रकार. दोघांनी, एका आठवड्यात, एकाच विषयाच्या दोन बाजू. सुरुवातीला हाच करा. जमलं नाही तरी नुकसान फक्त एका पोस्टचं.

खरा उपयोग मालिकेचा. पाच-सहा ब्लॉगरांनी एक विषय वाटून घ्यायचा, प्रत्येकाने आपल्याच ब्लॉगवर लिहायचं आणि एका ठिकाणी सगळ्यांची अनुक्रमणिका ठेवायची. एक उदाहरण पूर्ण करून बघू: भोगी.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी असते, संक्रांत १४ जानेवारीला असेल तर १३ ला. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मिसळीची भाजी, खिचडी, लोणी. विषय लहान दिसतो, पण तो सहा जणांना पुरतो. पाककृतीचा ब्लॉग भाजी करतो: पावटा, ओला हरभरा, गाजर, वांगी, बोरं, उसाचे करवे, तिळाचं कूट. शेतीवर लिहिणारा बाजरी खरिपाची आणि हरभरा रब्बीचा असून दोन्ही या दिवशी ताटात एकत्र कसे येतात ते सांगतो: बाजरी काढून साठवलेली असते आणि हरभऱ्याचे घाटे नेमके याच दिवसांत भरतात. आहारावर लिहिणारी बाजरी आणि तिळावर लिहिते. भाषेवर लिहिणारा याच भाजीला कुठे खेंगट आणि कुठे लेकुरवाळी भाजी म्हणतात तिथून सुरू करतो. फोटोंचा ब्लॉग भोगीच्या आदल्या दिवशीची मंडई दाखवतो. सहावी व्यक्ती न्यू जर्सीत किंवा सिडनीत राहणारी असावी. गोठवलेल्या पाकिटातल्या दाण्यांवर आणि पिठाच्या पुडीवर तिथे हा दिवस कसा साधायचा, हे परदेशातली मराठी घरं मुद्दाम शोधतात. सिडनीत त्या वेळी ऐन उन्हाळा असतो, हा मजकुराचा आयता धागा आहे.

वेळापत्रक उलटं मोजा. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सहा जण पक्के. नोव्हेंबरअखेर प्रत्येकाची एका ओळीची रूपरेषा, म्हणजे दोघं एकच लिहीत नाहीत ना ते कळतं. फोटोंची घाई करू नका. सोलाणे (ओल्या हरभऱ्याचे दाणे) आणि बोरं बाजारात नीट यायला डिसेंबर उजाडतो. २० डिसेंबरला मसुदे आणि फोटो तयार, २८ पर्यंत एकमेकांनी वाचून लिंका टाकून शेड्यूल. अनुक्रमणिकेचं पान २ जानेवारीला प्रकाशित. पाच पोस्ट ५ ते ९ जानेवारी, रोज एक. मंडईच्या फोटोंची पोस्ट अर्थातच १२ ला रात्री. पाककृती लोक सणाच्या आधी शोधतात. भोगीच्या दिवशी सकाळी टाकलेली भाजी त्या वर्षी कुणाच्या कामाची नसते, आणि नव्या पानाची गूगलने दखल घ्यायलाही काही दिवस लागतात.

अनुक्रमणिका एकाच ब्लॉगवर ठेवा, सहांवर सहा प्रती नकोत. ज्याच्याकडे ठेवली त्याला जास्त वाचक मिळतात, म्हणून पुढच्या मालिकेची अनुक्रमणिका दुसऱ्याकडे. हे आधीच ठरवलं नाही तर मनात राहतं आणि दुसरी मालिका होत नाही. आणि एक संयोजक नेमा. सहा जणांची समिती ही शेड्यूल चुकण्याची हमखास कृती आहे.

लिहून ठेवायच्या गोष्टी

मैत्रीत करार कशाला, असं वाटतं. एक मेल पुरते, पण ती हवी. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. ब्लॉगरांमध्ये हस्तांतराची गरजच नसते. मेलमध्ये एवढंच लिहा: मजकूर आणि फोटोंचे हक्क लिहिणाऱ्याकडेच, यजमान ब्लॉगला तो ऑनलाइन ठेवण्याची परवानगी, लेखकाला अमुक दिवसांनी तो स्वतःच्या ब्लॉगवर किंवा पुस्तकात घेता येईल, संपादन करून प्रकाशित करण्याआधी लेखकाला दाखवलं जाईल.

शेवटचं कलम भांडणं वाचवतं. वऱ्हाडी किंवा अहिराणी वळणाने लिहिणाऱ्याचं लिखाण ‘शुद्ध’ करून टाकलं की माणूस दुखावतो, आणि त्याच्यामागून यायला हवा होता तो वाचकही ती भाषा ओळखत नाही. शुद्धलेखन तपासा, बोलीला हात लावू नका.

कुणी मसाल्याच्या किंवा पिठाच्या कंपनीकडून पैसे किंवा फुकट माल घेणार असेल तर ते सहाही जणांना आधी माहीत हवं. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे फुकट मिळालेली वस्तूही उघड करावी लागते, आणि ‘जाहिरात’ ही पाटी वाचकाला सहज दिसेल अशी वरच लावायची, तळाशी नाही.

तांत्रिक बाजू, जिथे बहुतेकांचं अडतं

मजकूर युनिकोडमध्येच मागा. छापील अंकांसाठी लिहिणारे अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली फाइल पाठवतात आणि ब्लॉगवर ती चिन्हांचा कचरा होऊन उतरते. कन्व्हर्टर वापरलात तर ऱ्ह, ऱ्य, ॲ आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच राहतात. वर्डमधून थेट चिकटवू नका. फॉर्मॅटिंग काढून चिकटवा, नाहीतर मोबाइलवर दर परिच्छेदाचा अक्षर-आकार वेगळा दिसतो. फोटो वर्ड फाइलमध्ये न घालता वेगळे मागवा, रुंदी १६०० पिक्सेलच्या आसपास. व्हॉट्सअ‍ॅपवरून घ्यायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, साधे पाठवले की दर्जा घसरतो. लिंक पाठवल्यावर दिसणारं चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं आणि वजनाला हलकं, ३०० केबीच्या आत ठेवा. जड असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर ते बऱ्याचदा उमटतच नाही.

तोच लेख दोन ब्लॉगांवर जसाच्या तसा टाकायचा असेल तर थांबा. गूगल साधारणपणे दोन्हींपैकी एकच पान दाखवतं, आणि ते तुमचंच असेल असं नाही. पूर्वी मूळ लेख कुठला ते गूगलला सांगणारा कॅनॉनिकल टॅग लावा असा सल्ला दिला जायचा. गूगलच आता सांगतं की दुसऱ्याच्या साइटवर पुन्हा छापलेल्या मजकुरासाठी तो भरवशाचा नाही, तिथे नोइंडेक्स, म्हणजे ‘हे पान शोधात दाखवू नका’ अशी सूचना, लावावं. ब्लॉगस्पॉटवर सेटिंग्जमध्ये रोबोट्सचे कस्टम टॅग सुरू केले की प्रत्येक पोस्टच्या बाजूला तो पर्याय दिसतो. त्यापेक्षा सोपं म्हणजे दुसरीकडे वेगळा लेख लिहिणं.

लिंकांबद्दल गूगलचा नियम सरळ आहे. केवळ क्रमवारीसाठी केलेली ‘तू माझी दे, मी तुझी देतो’ अशी बेसुमार अदलाबदल स्पॅममध्ये मोडते. वाचकाला उपयोगी, संदर्भातल्या लिंकांची काळजी करायचं कारण नाही. पैसे किंवा माल घेऊन दिलेल्या लिंकेला ‘स्पॉन्सर्ड’ हा रेल (rel) टॅग, म्हणजे लिंकेच्या कोडमधली गूगलसाठीची खूण, लावा, २०१९ पासून तो वेगळा उपलब्ध आहे.

कोणाकडून किती आले हे कळायला प्रत्येक जोडीदाराला यूटीएमचे घटक, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणाऱ्या खुणा, पत्त्याच्या शेवटी जोडलेली वेगळी लिंक द्या: सोर्समध्ये त्याच्या ब्लॉगचं नाव, मीडियममध्ये ‘ब्लॉग’ किंवा ‘व्हॉट्सअ‍ॅप’, कँपेनमध्ये ‘भोगी’. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले वाचक अ‍ॅनालिटिक्समध्ये एरवी ‘डायरेक्ट’ म्हणून मोजले जातात आणि सगळा हिशोब चुकतो. सगळ्यांनी रोमन छोटी अक्षरंच वापरायची. एकाने मोठं अक्षर टाकलं की त्याची वेगळी ओळ तयार होते.

प्रकाशित झाल्यावर

पहिले दोन दिवस प्रतिक्रियांना उत्तरं द्या, आपल्या पोस्टवर आणि जोडीदाराच्याही. पाहुणी पोस्ट टाकून गायब होणारा लेखक त्या वाचकांच्या लक्षात राहत नाही. प्रत्येक ग्रुपमध्ये सहाही लिंका ओतू नका. एका ग्रुपला एकच, त्यांना रस असेल ती, वर स्वतःचं एक वाक्य लिहून.

मोजताना व्ह्यूजकडे शेवटी बघा. आधी बघायचं ते हे: जोडीदाराकडून आलेल्यांपैकी किती जणांनी दुसरं पान उघडलं, किती जण वार्तापत्रात किंवा चॅनेलवर आले, महिन्याने त्यातले किती परत दिसतात. समजा एकाकडून ३०० जण आले आणि दोघं थांबले, दुसऱ्याकडून ४० आले आणि पाच थांबले, तर पुढचं काम दुसऱ्याबरोबर. मात्र एका पोस्टवरून निकाल लावू नका. एवढ्या लहान आकड्यांत दोन-चार माणसांचा फरक योगायोगानेही पडतो.

एकजण ऐनवेळी गळणार हे गृहीत धरा. म्हणून पोस्टमध्ये ‘सहा लेखांची मालिका’ असं कुठेही लिहू नका, ‘मालिका’ म्हणा. गळालेल्याच्या लिंका काढायला प्रत्येक पोस्ट पुन्हा उघडावी लागू नये यासाठी पोस्टमध्ये फक्त अनुक्रमणिकेची आणि आदल्या-पुढल्या लेखाची लिंक ठेवा, पूर्ण यादी अनुक्रमणिकेतच.

आणि अनुक्रमणिकेच्या पत्त्यात साल घालू नका. पुढच्या डिसेंबरात तेच पान उघडून बंद पडलेल्या लिंका काढा, नवे लेख जोडा, तारखा बदला. जुन्या पानाला मिळालेल्या लिंका त्याच्याकडेच राहतात आणि गेल्या वर्षीचा वाचक जतन केलेल्या पत्त्यावर नवा मजकूर बघतो. सातवा ब्लॉगर शोधायचा तर त्या पानाखालच्या प्रतिक्रिया वाचा. भोगीबद्दल स्वतःच्या घरचं चार ओळींत लिहून गेलेलं कुणीतरी तिथे असतं, आणि त्याचा ब्लॉगही असतो.